चांदीच्या जुन्या रुपयाचा दर्जा आणि रास्त भाव कसा ठरवायचा

पेटीतून चांदीचा जुना रुपया निघाला की घरात पहिला प्रश्न येतो, याचे किती मिळतील? माझ्याकडे कोणी हा प्रश्न घेऊन आलं तर मी तो थोडा वेळ बाजूला ठेवायला सांगते. नाणं खरं आहे का, नेमकं कोणतं आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी ठरवायचं. भाव नंतर. हा क्रम उलटला की माणूस फसतोच, मग तो घेणारा असो की विकणारा.

मी बँकेत रोखपाल होते. हाताला नाण्याच्या वजनाची आणि कडेची सवय तिथेच लागली. ब्रिटिश अमदानीतले रुपये जमवायचा नाद मात्र स्वतःचा. आता नात्यातले, ओळखीतले लोक आजीच्या, पणजीच्या पेटीतले रुपये रुमालात बांधून आणतात. त्यांच्या बोलण्यात दोन टोकं असतात. कोणाला सराफाने सांगितलेलं असतं, ‘मोडीच्या भावात घेतो, याला वेगळं काही नाही.’ कोणी मोबाइलवर व्हिडिओ पाहून आलेला असतो आणि त्याला एका रुपयाचे लाखो हवे असतात. बहुतेक रुपयांचा खरा भाव या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि तो घरबसल्या बऱ्यापैकी अचूक काढता येतो.

मी इथे फक्त १८३५ ते १९४५ या काळातल्या चांदीच्या रुपयाबद्दल लिहिते आहे. राणीछाप, कलदार, बंदा रुपया असं ज्याला म्हणतात तो. शिवराई, मुघल रुपये, संस्थानांची नाणी यांचा हिशोब वेगळा असतो.

लागणारं सामान फार नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, पाचपट आणि दहापट अशी दोन भिंगं, मान वळवता येणारा टेबललॅम्प आणि खाली पसरायला मऊ कापड. नाणं अंगठा आणि तर्जनीने कडेवर धरायचं, दोन्ही तोंडांना बोट लावायचं नाही. बोटाचा घाम चांदीवर बसला की काही महिन्यांनी तिथे ठसा उमटतो आणि तो जात नाही. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात दर्जा ठरवू नका. खोलीतले बाकी दिवे बंद करा आणि एकाच दिव्याखाली नाणं सावकाश कलवत, फिरवत बघा.

आधी काटा

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात एकच रुपया ठरला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच जुना तोळा. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास. विल्यम, व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज आणि सहाव्या जॉर्जची १९३८-३९ ची नाणी, सगळ्यांना हेच माप. १९४० पासून युद्धामुळे चांदी निम्म्यावर आणली गेली. वजन तेच ११.६६, पण त्यात चांदी ५० टक्के आणि बाकी तांबं, निकेल, जस्त. म्हणजे चांदी ५.८३ ग्रॅम. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी अजिबात नाही, आणि तो लोहचुंबकाला चिकटतो.

चलनात फिरलेला रुपया थोडा हलका भरणारच. किती हलका चालेल? त्या काळचा नाणेकायदाच इथे मदतीला येतो. ठरलेल्या वजनापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त घटलेला रुपया कायदेशीर चलन धरला जात नसे. दोन टक्के म्हणजे ०.२३ ग्रॅम, तेव्हा ११.४३ हा आकडा लक्षात ठेवा. त्याच्या खाली भरलेल्या नाण्याचा चेहरा गुळगुळीत झिजलेला असेल तर ठीक. चेहरा ठसठशीत आणि वजन मात्र ११.१ असेल, तर ते नाणं मी बाजूला ठेवते.

वजनाने शंका फिटली नाही तर पाण्याची परीक्षा करा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जे दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलेलं असतं. खऱ्या जुन्या रुपयाला हा आकडा १.१३ च्या आसपास येतो, १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२ च्या आसपास. १.३ किंवा त्याहून जास्त आला तर आत पितळ किंवा तांबं-निकेल आहे, वर चांदीचा मुलामा असला तरी. नाणं झगझगीत, न वापरलेलं असेल तर मात्र त्याला दोरा बांधू नका. आणि खणखण ऐकायला कोणतंही नाणं फरशीवर टाकू नका. बोटाच्या टोकावर तोलून धरून दुसऱ्या नाण्याच्या कडेने हलकेच टिचकी मारली की पुरते. चांदीचा नाद लांबत जातो, ओतीव खोट्याचा लगेच विरतो.

मग ओळख: राजा, साल, टाकसाळ

‘व्हिक्टोरियाचा रुपया आहे’ एवढ्यावर भाव निघत नाही. १८४० साल असलेल्या रुपयांतच दोन प्रकार आहेत. एकावर राणीच्या डोक्याभोवतीची अक्षरं सलग जातात, दुसऱ्यावर ती डोक्याच्या दोन्ही बाजूंना तुटतात. १८६२ साल लिहिलेले रुपये तर पुढे कित्येक वर्षं त्याच सालाने पाडले गेले. १८७४ पासून दर वर्षी खरं साल येऊ लागलं. मधल्या काळातल्या नाण्यांवर बारीक टिंबांचा संकेत आहे, आणि टिंबांची संख्या नि जागा यांवर अभ्यासक नाणं कोणत्या वर्षाचं ते ठरवतात. म्हणून १८६२ चा रुपया हाती आला तर भिंगाखाली सालाच्या वर-खाली नीट शोधा. एकाच सालाच्या दोन रुपयांच्या भावात टिंबांमुळे मोठा फरक पडू शकतो. १८७७ पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आली.

टाकसाळीची खूण छोटी असते, पण ती भावात बोलते. एडवर्डच्या रुपयावर मागच्या बाजूला सर्वांत खालच्या कमळात खोलगट इंग्रजी बी असेल तर तो मुंबईचा, काही नसेल तर कलकत्त्याचा. पंचम जॉर्जच्या रुपयावर त्याच कमळाखाली उठावाचं टिंब म्हणजे मुंबई. घासलेल्या नाण्यावर ही खूण आधी पुसट होते, तेव्हा उजेड आडवा पाडून बघा.

सालाचं महत्त्व दोन उदाहरणांनी कळेल. पहिल्या महायुद्धात रुपयांची मागणी इतकी वाढली की चांदी पुरेना. अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याने आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी ब्रिटनला विकली, मुख्यतः हिंदुस्थानसाठी. त्या एका साली मुंबई आणि कलकत्ता मिळून चाळीस कोटींहून जास्त रुपये पडले. म्हणूनच १९१८, १९१९, १९२० चे रुपये आजही घरोघरी निघतात. नाणं शंभर वर्षांहून जुनं असलं तरी दुर्मीळ नाही. ही गोष्ट समोरच्याला पटवून देणं मला सगळ्यात अवघड जातं, कारण पणजीच्या हातचं नाणं सामान्य आहे हे ऐकायला कोणाला आवडत नाही. पण खरं तेच सांगायला हवं.

दुसरं उदाहरण १९३९ चं. साल अलीकडचं, तरीही बारातल्या अकरा भाग चांदीच्या या रुपयासाठी संग्राहक झटतात, कारण पाडलेल्यांपैकी बहुतेक वितळवले गेले. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया या दोहोंच्या मधला. राजाच्या अंगरख्यावरच्या माळेत हत्ती आहे. १९११ च्या साच्यात त्याची सोंड आणि पाय इतके आखूड आले की लोकांना तो डुक्कर वाटला आणि मुसलमान समाजात नाराजी पसरली. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यांतले सातेक लाखच बाहेर गेले, त्यांतलेही बरेच परत घेतले गेले. १९१२ पासून हत्ती नीट दिसू लागला. हा रुपया भावाला चढा असतोच, पण आजही नियमित विकायला येतो. ‘जगात मोजकेच उरलेत’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे पुढे चला.

झीज वाचायची कशी

दर्जाची जी मोजपट्टी जगभर वापरतात ती १ ते ७० ची. विल्यम शेल्डन या अमेरिकी संग्राहकाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी ती मांडली, पुढे सगळ्याच नाण्यांना लागू झाली. आपल्या बाजारात आकड्यापेक्षा फाइन, व्हीएफ (व्हेरी फाइन), एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन), एयू (अबाउट अनसर्क्युलेटेड), यूएनसी (अनसर्क्युलेटेड) हे शब्द जास्त चालतात. शब्द विक्रेत्याचे असतात, डोळे तुमचे असू द्या.

नाण्याचा सर्वांत उंच भाग सर्वांत आधी झिजतो. म्हणून प्रत्येक नाण्याचे उंच भाग कोणते ते पाठ करायचे. पंचम जॉर्जच्या रुपयावर कान आणि त्यावरचे केस, गालाचं हाड, मिशी, मुकुटाचा मधला पट्टा आणि छातीवरचा तो हत्ती. १८६२ नंतरच्या राणीवर मुकुट, कानाजवळची केसांची वळणं, गाल आणि अंगावरच्या वस्त्राचं भरतकाम. एडवर्ड उघड्या डोक्याचा आहे, त्यामुळे कानावरचे केस आणि दाढी बघायची. मागच्या बाजूला फुलांच्या पाकळ्यांमधल्या रेघा बघायच्या.

आता पंचम जॉर्जचा रुपया हातात आहे असं धरा. मुकुट सपाट पट्टी झालाय, कान जेमतेम कळतो, हत्तीची नुसती बाह्यरेषा उरलीय, पण सगळी अक्षरं आणि साल स्पष्ट आहेत. हा फाइन. मुकुटातले मोठे खडे सुटे दिसतात, दाढीत काही केस वेगळे कळतात, हत्तीची सोंड ओळखू येते, मात्र उंच भाग सगळे गुळगुळीत आहेत. हा व्हीएफ, आणि घरातून निघणारे बहुतेक रुपये इथेच बसतात. केस, मुकुट, अंगरखा यांचं बारीक काम जवळजवळ पूर्ण, झीज फक्त कान, मिशी आणि गालावर. हा एक्सएफ.

यापुढचा टप्पा बारीक आहे, आणि पैसाही तिथेच अडकतो. एयू म्हणजे जवळजवळ न वापरलेलं आणि यूएनसी म्हणजे अजिबात न वापरलेलं. या दोहोंत नक्षीचा फरक जवळपास नसतो. फरक असतो चमकेचा. टाकसाळीत साच्याचा दाब पडताना धातू बाहेरच्या दिशेने सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. त्यांच्यामुळे एका दिव्याखाली नाणं फिरवलं की उजेडाच्या दोन पट्ट्या मध्यातून निघून नाण्यासोबत गोल फिरतात. यूएनसी नाण्यावर या पट्ट्या गालावरून, मुकुटावरून कुठेही न तुटता जातात. एयूवर त्या गालावर येऊन विझतात आणि तिथे फिकट राखाडी डाग दिसतो. हा डाग बघायची सवय लागली की दर्जाचं अर्धं काम झालं असं मी मानते. त्यासाठी एक खात्रीचं यूएनसी नाणं, स्वस्तातलं का असेना, जवळ ठेवा आणि शंका आली की दोन्ही एकाच दिव्याखाली शेजारी धरा. फोटोवरून ही गोष्ट ठरत नाही. म्हणून फक्त फोटो बघून ‘यूएनसी’च्या भावाने घेऊ नका.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. काही नाणी टाकसाळीतूनच मऊ ठशाची बाहेर पडली, साचा जुना होता किंवा दाब कमी पडला म्हणून. त्यांच्यावर कानाची नक्षी पुसट असते आणि लोक त्याला झीज समजून दर्जा उतरवतात. भिंग लावा. पुसट भागावरही जर मूळची चमक आणि खडबडीत पोत शाबूत असेल तर तो मऊ ठसा. पुसट भाग गुळगुळीत आणि आसपासपेक्षा वेगळ्या रंगाचा असेल तर ती झीज. मऊ ठशाच्या यूएनसीला संग्राहक थोडा कमी भाव देतात, पण तो यूएनसीच असतो.

आणि यूएनसी म्हणजे निर्दोष नव्हे. टाकसाळीतून रुपये पोत्यांत भरून जात, एकमेकांवर आपटत. गालावर, मोकळ्या जागेत बारीक खोचे असतातच. खोचे किती आणि कुठे यावर ६० ते ७० मधला आकडा ठरतो. राजाच्या गालावरचा एक खोचा कडेजवळच्या तीन खोच्यांपेक्षा जास्त खुपतो.

पृष्ठभाग: इथेच नाणी मरतात

नक्षी एक्सएफची आणि भाव मोडीचा, असं का होतं? बहुतेक वेळा कारण एकच, नाणं घासलेलं असतं. राखेने, चिंचेने, टूथपेस्टने, सोडा लावून, चांदीच्या पॉलिशने. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी श्रद्धेने लख्ख केलेले रुपये मी कितीतरी पाहिले आहेत. त्या हातांना मी दोष देत नाही, पण विकायच्या किंवा जतन करायच्या नाण्याला पाण्याशिवाय काही लावू नका, आणि पाण्याने धुतलं तरी कापडाने पुसू नका, मऊ कापडावर ठेवून टिपून घ्या. हळदीकुंकू बसलं असेल तर साध्या डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. तेलकट थर किंवा प्लास्टिकचा हिरवा चिकटा असेल तर शुद्ध अॅसिटोन चालतं, ते चांदीला धक्का लावत नाही. खिडकी उघडी ठेवा, जवळ आच नको.

घासलेलं नाणं ओळखायचं असं: दिव्याखाली कलवलं की मोकळ्या जागेत एकाच दिशेच्या किंवा गोल गोल केसासारख्या रेघा चमकतात. झीज दिसतेय तरी नाणं पांढरंफटक आहे, आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र काळं अडकलंय. असं नाणं शंभर वर्षांत आपोआप होत नाही. जुनी चांदी हवेतल्या गंधकाने राखाडी, कधी कडेपासून आत सोनेरी, निळसर, जांभळट होत जाते. असा रंग सम पसरलेला असेल तर तो राहू द्या. जाणते संग्राहक त्यासाठी जास्त मोजतात.

आपल्याकडे आणखी एक नुकसान फार दिसतं. रुपयांची माळ करायची पद्धत होती. कडी डाग देऊन, म्हणजे झाळून, जोडलेली, नंतर काढलेली. कडेवर बाराच्या ठोक्याच्या जागी भिंग लावून बघा. तिथल्या खाचा बुजलेल्या असतील, धातू वितळल्यासारखा दिसेल किंवा रंग वेगळा असेल तर तिथे डाग होता. बुजवलेलं भोकही असंच शोधायचं, दोन्ही बाजूंना एकाच जागी नक्षी बिघडलेली असते. सराफांनी पारखताना मारलेले बारीक छापही असतात. डागाचं किंवा भोकाचं सामान्य साल मी चांदीच्या भावाच्या वर घेत नाही. साल दुर्मीळ असेल तरच त्याच्या निर्दोष भावाचा काही भाग मिळतो. काही संग्राहक सराफी छापाला इतिहास मानून सोडून देतात. मीही त्यांतलीच आहे, पण बाजार तसा मानत नाही.

खोटं नाणं

ओतीव नकलेवर भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा गोलसर असतात आणि कडेवर बारीक जोडरेघ सापडते. खऱ्याच्या कडेवरच्या खाचा सरळ, सारख्या अंतरावर आणि धारदार असतात. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयांवर बनावटगिरी रोखायला खास सुरक्षा कड आली. दुर्मीळ साल दिसलं की शेवटच्या आकड्याभोवती दहापट भिंग लावा. आकडा कोरून बदलला असेल तर भोवतीची पातळी किंवा चमक बिघडलेली असते.

पुनर्मुद्रित नाणी हा वेगळा प्रकार. टाकसाळीनेच जुन्या साच्यांतून नंतर, बहुधा आरशासारख्या चकाकीची, नाणी संग्राहकांसाठी पाडली. ती खोटी नाहीत, त्यांना स्वतःचा बाजार आहे, पण ती मूळ चलनी नाण्याच्या नावावर विकली जात असतील तर व्यवहार थांबवा. आणि राम-दरबार, हनुमान, कमळ असलेली ‘१८१८, हाफ आना, यू. के. एल.’ लिहिलेली तांब्या-पितळेची नाणी कंपनीने कधीच चलनात आणली नाहीत. त्यांचा भाव देवघरातल्या टोकनाएवढा. त्यांत तांदूळ ओढण्याची शक्ती असते असं सांगून लाखोंनी लुबाडलेली घरं आहेत. कोणी असं नाणं घेऊन आलं तर त्याला चहा देऊन परत पाठवा, पैसे देऊ नका.

आता भाव

पहिली पायरी चांदीचा तळ. त्या दिवशीचा शुद्ध चांदीचा ग्रॅमचा दर घ्या आणि १०.६९ ने गुणा. हिशोबापुरता दर १०० रुपये धरला तर तळ १,०६९ रुपये, निम्म्या चांदीच्या रुपयाचा ५८३. सराफ ११.६६ ग्रॅम तोलून घट धरेल, त्यात गैर काही नाही, पण १०.६९ शुद्ध चांदीपेक्षा फार खाली उतरत असेल तर उठा. आजकाल तोळा म्हणजे दहा ग्रॅम, तेव्हा बोलताना तोळा हा शब्द टाळून ग्रॅममध्येच बोला. १९१८ चा व्हीएफ रुपया या तळाच्या थोडासाच वर असतो. चांदी चढली की ही वरची रक्कम जवळजवळ नाहीशी होते. अशा नाण्यासाठी ‘अँटिक’ म्हणून दुप्पट-तिप्पट देऊ नका.

दुसरी पायरी, तसंच नाणं प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते शोधायचं. ‘विकणे आहे’ या जाहिरातींतले आकडे माझ्या वहीत येत नाहीत. ती मागणी आहे, मिळालेली किंमत नव्हे. मुंबईची टोडीवाला, बंगळुरूची मरुधर आर्ट्स, अहमदाबादची क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी अशा लिलावघरांच्या जुन्या कॅटलॉगांचे निकाल बघता येतात. तोच राजा, तेच साल, तीच टाकसाळ, तोच प्रकार, जवळपास तोच दर्जा अशी गेल्या दोन-तीन वर्षांतली पाच-सहा विक्री उतरवून घ्या. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडा. वरच्या विक्रीत दोन हट्टी संग्राहक भिडलेले असू शकतात, खालच्यात फोटोत न दिसणारा दोष असू शकतो. मधल्यांकडे बघा. लक्षात घ्या की हातोड्याच्या, म्हणजे लिलावातल्या शेवटच्या, बोलीवर घेणाऱ्याला लिलावघराचं कमिशन आणि कर द्यावा लागतो आणि विकणाऱ्याच्या हातात बोलीतून कापून रक्कम येते. तेव्हा घेताना आणि विकताना एकच आकडा डोळ्यांपुढे ठेवू नका.

तिसरी पायरी दर्जाची उडी. सामान्य सालात फाइन आणि व्हीएफ यांच्या भावात फरक नगण्य असतो, एक्सएफला थोडा वर जातो आणि खऱ्या यूएनसीला एकदम उडी घेतो. दुर्मीळ सालात उलटं, फाइनलाही गिऱ्हाईक असतं. म्हणून सामान्य सालाचं नाणं घ्यायचं तर यूएनसी किंवा निदान स्वच्छ एक्सएफ घ्या. दुर्मीळ सालाचं घ्यायचं तर झिजलेलं चालेल, पण न घासलेलं, बिनडागाचं. माझा स्वतःचा नियम असा की एयू आणि यूएनसी यांत शंका राहिली तर एयूचे पैसे मोजायचे, आणि समोरचा त्याला तयार नसेल तर नाणं नम्रपणे परत ठेवायचं.

पीसीजीएस, एनजीसी या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या बंद डबीतलं नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तपासा आणि तिथला फोटो समोरच्या नाण्याशी ताडून बघा, कारण डब्याही बनावट निघतात. डबीवर आकड्याऐवजी ‘डिटेल्स’ असं लिहिलं असेल तर नाणं घासलेलं किंवा बिघडलेलं आहे. त्याला नुसत्या एक्सएफचा भाव लागत नाही. दोनेक हजारांच्या नाण्यासाठी डबीचा खर्च करण्यात अर्थ नाही.

व्यवहार करताना

१९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पंचम जॉर्जचा शेवटचा रुपया १९२२ चा, म्हणजे विल्यमपासून पंचम जॉर्जपर्यंतचे सगळे रुपये आता या वयाचे झाले. परदेशी संकेतस्थळावर दिसणारा डॉलरमधला भाव तुमच्यासाठी नाही, आणि तिकडे दर्जा ठरवायला नाणं टपालाने पाठवणंही त्यातच आलं. शेतात, पाया खणताना हंडा सापडला तर १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. असं नाणं कोणी मातीसकट, गुपचूप विकायला आणलं तर हात लावू नका.

तुमचा जुना रुपया लाखात घेतो, आधी नोंदणी फी किंवा कर भरा, असा फोन आला तर तो चोर. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की बँक अशा खरेदी-विक्रीत नाही आणि कोणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही. खरा घेणारा तुम्हाला पैसे देतो, मागत नाही. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून समजावून सांगा, कारण फोन त्यांनाच येतात.

विकायला जाताना सगळे रुपये एका पिशवीत नेऊन ‘लॉटचे किती?’ असं विचारू नका. आदल्या रात्री बसून वेगळे करा. डागाचे आणि गुळगुळीत झालेले एकीकडे, ते चांदीच्या भावाने जातील. स्वच्छ व्हीएफ-एक्सएफ दुसरीकडे. १९११, १९३९, विल्यमचे, टिंबांचे १८६२ आणि चमक असलेले सगळे तिसरीकडे. तिसऱ्या ढिगातलं एकही नाणं पहिल्या दिवशी विकू नका, निदान दोन व्यापाऱ्यांना आणि एखाद्या लिलावघराला दाखवा. व्यापाऱ्याला दुकान चालवायचं असतं, तो विकेल त्या भावाने तुमच्याकडून घेणार नाही. पण त्याने तिसऱ्या ढिगातलं एखादंच नाणं उचलून बाकीच्यांबद्दल बोलणं टाळलं तर त्या एका नाण्याकडे परत भिंग लावून बघा.

विकत घेताना पावतीवर राजा, साल, टाकसाळ, वजन, विक्रेत्याने सांगितलेला दर्जा आणि नाणं खोटं निघाल्यास परत घेण्याची मुदत, हे सगळं लिहून घ्या. दर्जा लिहून द्यायला जो कचरतो त्याच्या तोंडी यूएनसीला मी व्हीएफच समजते. घरी आल्यावर नाणं मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, त्यातूनच तो हिरवा चिकटा येतो. मायलरची (पातळ पारदर्शक फिल्मची) खिडकी असलेलं पुठ्ठ्याचं चौकोनी पाकीट स्वस्त आणि चांगलं. पुठ्ठ्यावर लिहायचं ते नाणं आत ठेवण्याआधी लिहा, स्टेपलच्या पिना चपट्या करा म्हणजे शेजारच्या नाण्याला ओरखडा जाणार नाही, आणि डबा लाकडी कपाटात, देवघरातल्या उदबत्तीच्या धुरापासून लांब ठेवा.